परतीची नळी

एल आल्तोत हवा उसनी घ्यावी लागते.
चार हजार मीटरवर इंजिनालाही धाप लागते,
म्हणून इथे लोक टर्बोची चौकशी
घरच्या माणसासारखी करतात: बरा आहे ना?

सेवेरोचा बरा नव्हता.
सकाळी चावी फिरवली की निळा धूर,
ला पासच्या उतारावर पाय काढला की निळा धूर,
आणि खाली सिग्नलला थांबून पुन्हा दाबला
की मागची मिनीबस दिसेनाशी.
"दोन्या दिओनिसिया," तो म्हणाला,
"वरून केबलकारमधली माणसं बोट दाखवतात मला."

काळा असता तर डिझेल म्हटलं असतं,
पांढरा असता तर पाणी.
निळा म्हणजे तेल, हे तर समोर
जांभळ्या मक्याचं गरम आपी विकणारी एउलालियाही सांगेल.
सील गेले, मी म्हटलं.
बघितलंही नव्हतं अजून.

मग बघितलं.
इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवलं,
ओघळ मनगटापर्यंत.
शाफ्ट चिमटीत धरला:
डावी-उजवीकडे जरासा हलला, तेवढं चालतं,
तेलाच्या थरावर तरंगणाऱ्याने हलायचंच असतं.
पुढे-मागे ओढला. काही नाही.
पाती कुठे घासलेली नाहीत.
फुंकर मारली तर पंखा फिरला आणि निमूट थांबला,
झोपेतून उठवलेल्या शहाण्या पोरासारखा.

हा मेलेला नव्हे.
मार्चमध्ये मीच बसवलेला.

सील म्हणतात, पण ते रबर नसतं.
लोखंडाची बारीक कडी, नखावरच्या चंद्राएवढी,
तिच्याने पूर थोपत नाही.
आलेलं तेल वेळेवर निघून जावं
एवढंच तिचं मागणं.
येतं ते पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून.
जातं ते नुसत्या स्वतःच्या वजनाने,
खाली, जाड नळीतून, कुणी न ढकलता.

सेवेरो बाकावर बसून नोटा मोजत होता.
मोजायचा, गालातली कोकाची पानं फिरवायचा, पुन्हा मोजायचा.
नव्या कार्ट्रिजचे अकराशे बोलिव्हियानो,
त्यातले चारशे मेव्हणीचे.

मी परतीची नळी सोडवली.
दोन बोल्ट, बाराचा पाना.
तोंडातून टॉर्च मारला
आणि उजेड पलीकडे गेला नाही.

वायर घातली. ओढली.
आलं बाहेर:
लाल, मऊ, करंगळीच्या पेराएवढं,
सिलिकॉनचा बोळा.
गळू नये म्हणून कुणीतरी गॅस्केटच्या कडेला
हात सैल सोडून लावलेलं,
जास्तीचं आत वळलेलं, तिथेच सुकलेलं.

या रस्त्यावर बाकी सगळे काळं वापरतात.
लाल ट्यूब माझ्या फळीवर आहे,
ब्रेक ऑइलच्या डब्याशेजारी,
शेपटाकडून गुंडाळत आणलेली.

डोक्यावरून केबलकारच्या सहा केबिनी गेल्या असतील
एवढा वेळ मी वाकूनच होते.
बोळा खिशात गेला असता.
ओव्हरऑलला खिसे पुष्कळ.

"सील ना?" सेवेरोने विचारलं.

मी तळहात पुढे केला.
"माझं आहे," म्हटलं. "मार्चमधलं."

त्याने उचलून दाबून पाहिलं,
वास घेतला, कशाला कोण जाणे.
मग नोटांना पुन्हा रबर लावलं
आणि म्हणाला, "एवढंच?"

एवढंच नव्हतं.
इंटरकूलर डिझेलने तीनदा धुतला, पाइप धुतले,
तेल नवं, माझ्या पैशाचं.
कोरडं कागदी गॅस्केट, लाल काही नाही.
संध्याकाळी वारा सुटला तेव्हा चावी फिरवली

आणि धूर आला.
निळा, तस्साच.

सायलेन्सरमध्ये साचलेलं जळून जायला वेळ लागतो.
हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं,
आणि विश्वास ठेव म्हणायला
आज माझी जीभ उचलत नव्हती.
गाडी चालू ठेवून दोघं मागे उभे राहिलो.
दहा मिनिटं. वीस.
एउलालियाने न मागता दोन पेले आणून दिले.

पेले संपत आले तेव्हा
पलीकडच्या भिंतीवरची
कुठल्याशा जुन्या निवडणुकीची अक्षरं
एकेक करून वाचता यायला लागली.