लाभ

तुर्भ्याच्या गूळबाजारात
चौतीस वर्षं काटा धरला मी.
पहिल्या ढेपेला 'एक' म्हणायचं नसतं,
म्हणायचं लाभ.
लाभ, दोन, तीन, चार...
आवाज असा लावायचा की गाळ्याच्या टोकाला
वही घेऊन बसलेल्या दिवाणजीच्या कानात शिरला पाहिजे.

मार्चात, कोपरखैरण्याला,
जिन्यावरच्या एका दवाखान्यात
मी आडवा, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा,
आणि डॉक्टर रेहाना मुकादम
खुणा कोरलेली बारीक सळई
हिरडीत घालून मोजत होती.
तीन. दोन. पाच. पाच, रक्त. सहा, रक्त.
कोपऱ्यात भोईरांची तेजल
मान खाली घालून लिहून घेत होती,
आमच्या दिवाणजीसारखीच.

हसू आलं, पण हसता येईना.
उभा जन्म दुसऱ्याचा माल तोलला,
माझं माप निघालं मिलिमीटरात.
त्यात इथला हिशेब उलटा,
आकडा चढला की तोटा.

रक्त दोन वर्षं येत होतं.
भाकरीला लागायचं, बेसिनमध्ये दिसायचं.
मी म्हणायचो, ब्रश कडक आहे.
ब्रश बदलला. मग म्हणालो, वय.
हौसानं तंबाखूचं नाव काढलं
तर तिच्यावरच खेकसलो.
साखरेचं खातं वेगळं होतं माझ्या लेखी,
वाशीच्या डॉक्टरकडे, निळ्या फायलीत,
नऊ पॉइंट दोन.
दातांचं खातं मी उघडलंच नव्हतं.

बाईनं मास्क खाली ओढला.
"शेलारकाका, वही एकच आहे.
साखर चढली की हिरडी बिघडते,
हिरडी बिघडली की साखर उतरायला मागत नाही.
दोघी एकमेकींना उधार देतात
आणि व्याज तुम्ही भरता."
ही भाषा हिला कुठून येते?
वडील मसाला मार्केटात होते म्हणे, हळदीला.

चार खेपांत सफाई, हिरडीच्या खालून.
दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला,
गोळी घेतली आणि उपाशीच गेलो,
म्हटलं साखर कमी दिसेल, बाई खूश होईल.
तेजलनं बोट टोचलं. चौसष्ट.
हात कापत होते ते मला जिना चढल्यामुळे वाटलं.
खुर्चीवर बसवलंच नाही त्यांनी.
चहाच्या डब्यातली तीन चमचे साखर
पाण्यात ढवळून पाजली.
दाताच्या दवाखान्यात साखर!
गुळात आयुष्य काढलं,
इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.
मग बाई ओरडली. पोटभर ओरडली.

खालचा पुढचा एक मात्र गेला.
कापसातनं काढून दिला हातात.
मी तळहातावर तोलला, सवयीनं.
ग्रॅमभर, फार तर.

दात कोरून पोट भरत नाही, असं आई म्हणायची.
आता रोज रात्री कोरतो,
इवल्या ब्रशनं, फटीफटीतून,
बाहेरून हौसा ओरडेपर्यंत, अहो, नळ बंद करा.
तंबाखूची डबी तिनंच फेकली.
दोन दिवस बोललो नाही मी तिच्याशी.
तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं,
तेव्हा बोलावंच लागलं.

जूनमध्ये निळ्या फायलीत सात पॉइंट आठ.
गोळी बदललेली, चालणं वाढलेलं,
श्रेय कुणाच्या नावे मांडू, कळत नाही.
त्याच आठवड्यात पुन्हा दिवा, पुन्हा सळई.
तीन. तीन. दोन. चार.
मागच्या दाढेपाशी अजून पाच, अजून रक्त,
तिथं बाई थांबली, काही बोलली नाही,
पुढं सरकली.
दोन. दोन.
एक.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, लाभ.
पण उघड्या जबड्यातून ल निघत नाही
आणि भ ला ओठ लागतात.
तेजल लिहिता लिहिता थांबली.
"काका, दुखलं का?"