वजनाचा दिवस

पांगाईहून होडीनं काटा आला,
निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला,
आणि त्याच्यामागून नर्स लोसालिने, चपला हातात घेऊन.

अठ्ठावीस पोरं ओळीत.
काट्याची तबकडी मी भिंतीकडे वळवली.
आकडा नर्सला दिसेल, आणि भिंतीला.
भिंत कुणाला सांगत नाही.

सितालेकीची पाळी आली.
त्यानं खिशातली गोटी काढून ठेवली, मग दुसरी,
मग पट्टा, मग कानावरची पेन्सिल,
मग, बराच विचार करून,
श्वास.

घरोघर चिठ्ठी द्यायची, बंद पाकिटात.
'आपल्या पाल्याचे वजन' इथवर लिहिलं
आणि पेन अडलं.
हापाईत भरल्या अंगाचं पोर म्हणजे खात्यापित्या घरचं.
त्याची आई रविवारी त्याला पहिल्या बाकावर बसवते,
सगळ्यांना दिसावा म्हणून.
तिला काय कळवू?
की बाळशाची तारीख उलटली?

आमचे मासे बर्फात बसून परदेशी जातात.
त्याच बर्फातून परत येते
मेंढीच्या पोटाची चरबी,
जी तिकडे कुणी ताटात घेत नाही.
हे चिठ्ठीत मावत नाही.

शाळेनं गोड बाटल्या बंद केल्या.
दुसऱ्या दिवसापासून फाटकासमोरचा सिओसाइया
दुकान पाव तास आधी उघडू लागला.
कोरडे नूडल्स, पुडीतला मसाला थेट जिभेवर;
पाढे म्हणताना अख्खा वर्ग नारिंगी.
मी रागावले.
मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं,
"बाई, तुमच्या खणात काय असतं?"

मग मी तबकडी पोरांकडे फिरवली
आणि स्वतः चढले.
काट्यानं कुरकुर केली, लाकडी जिन्यासारखी.
सितालेकी वाचू लागला, मोठ्यानं.
शंभरपर्यंत तो पक्का आहे,
पुढे अडखळतो.
"एकशे... एकशे..."
"अठरा," मी म्हटलं. "म्हण."
सगळ्यांनी म्हटलं.
त्या दिवशी गणिताचा तास तेवढाच झाला.

चिठ्ठ्या फाडल्या. नव्या लिहिल्या:
'शुक्रवारी चार वाजता बाई किनाऱ्यानं
धक्क्यापर्यंत चालत जाणार आहेत.
एकटीनं पाय निघत नाही. सोबत पाठवा.'
पाकिटं चिकटवली नाहीत.

शुक्रवारी सहा जण आले.
सितालेकी नव्हता.
त्याची आई होती,
चर्चला घालायच्या बुटांत,
पहिल्या दगडापाशीच दम लागलेली,
आणि म्हणाली, "धक्का अजून तिथंच आहे ना?"