गाळलेली ओळ

मी जुळारी. खिळे जुळवतो.
चाळीस वर्षांत डोळ्यांना अशी खोड लागली
की दुकानांच्या पाट्याही आधी उजवीकडून वाचतो
आणि मग हसतो स्वतःशीच.

तार्तूत, दगडी पुलाच्या अलीकडे आमचा छापखाना.
खिडकीतून नदी दिसते. एमायोगी.
माय-नदी, असाच अर्थ आहे नावाचा.
माय म्हणायचं
आणि दर साली दोन-चार माणसं वाहायची तिला.

साप्ताहिकात कादंबरी यायची, शनिवारी.
एकतिसावं प्रकरण: पलीकडच्या तीरावर वैद्य,
अलीकडे झोपडीत घसा घरघरणारी पोर,
आणि आदु नावाडी,
जो होडी सोडत नाही.
पहाटे पोर जाते.

पान एक ओळ लांबलं होतं.
शुक्रवारची रात्र, अकरा वाजून गेलेले,
फर्मा आवळायचा होता, शाईचा पोरगा जांभया देत होता,
घरी माझ्या लीनाला ताप.
खोटं. ताप बुधवारीच उतरला होता.
मला भूक लागली होती.

मग शोधली एक ओळ, जी काढली तरी
आधीचं वाक्य पडणार नाही, पुढचं लंगडणार नाही.
सापडली.
‘बर्फ पाऊल पेलेना, पाणी वल्हं घेईना, अशी ती रात्र होती.’
दोन बोटांत धरून उचलली.
खिळे सोडवले, ज्याचे त्याच्या खणात टाकले;
पुढच्या शनिवारी त्यातलेच काही
हेरिंगच्या भावात होते, काही दोरखंडाच्या जाहिरातीत,
एखादा कुणाच्या मृत्युवार्तेत.
हस्तलिखिताचा कागद शेगडीत गेला. सगळेच जायचे.

लेखक रीगाला राहायचा. त्याने कधी विचारलं नाही.
पुस्तक निघालं ते कात्रणांवरून,
दुसरी आवृत्ती पहिलीवरून.
बत्तिसाव्या प्रकरणात लग्न आहे, मेणबत्त्या आहेत, घोडे आहेत;
आदुकडे कुणी परत जात नाही, लेखकही नाही.
अजून उभा असेल काठावर, हातात दोर घेऊन,
आणि सांगायला एक ओळही नाही.

पाद्री म्हणाले, आदु आपल्या प्रत्येकाच्या आत आहे.
बाजारात बायका भांडल्या की एकमेकींना म्हणायच्या,
आदुच्या वळणाची गं तू!
मी ऐकायचो. कोबी घ्यायचो. घरी यायचो.

खाली कावास्तूच्या तरीवर खरा नावाडी होता, हिंद्रिक.
त्याला काय ठाऊक कादंबरी!
पण पोरं बर्फाचे गोळे मारायची, आत खडे घालून,
आणि लोक उतारू म्हणून बसले
तरी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

मे महिन्यात एकदा मी बसलो त्याच्या होडीत. एकटाच.
मधोमध आल्यावर त्याने विचारलं,
‘तुम्ही तिथंच कामाला ना? मला वाचता येत नाही.
तो का गेला नाही,
लिहिलंय का हो कुठं?’

मी म्हणालो, नाही.

छापलेलं पाहता ते खरंच होतं.
माझ्या तोंडून निघालेलं इतकं बिनचूक वाक्य
मला दुसरं आठवत नाही.

हिंद्रिक वल्हवत राहिला.
‘मग गाढव असेल,’ म्हणाला.
आणि थोड्या वेळाने, पाण्याकडे बघत,
‘नाहीतर नोव्हेंबर असेल.
नोव्हेंबरात कसं, बर्फावर पाय ठेवावा तर पेलत नाही,
आणि वल्हं मारावं तर...’

पुढचं तो बोलला नाही.
मला पाठ होतं. स्वल्पविरामासकट.
जिभेच्या टोकावर शिशाची चव आली
आणि मी ती गिळली.

तीर लागला. मी पैसे दिले, त्याने सुटे परत केले, मोजून.
मग कोपराला धरून मला उतरवलं.
‘जपून,’ म्हणाला,
‘इथं घसरतं.’