उशिरा आणि कमी दाबाने

मी खिडकी नंबर दोन.
म्हणजे माणूसच आहे, शशिकांत लोणकर,
पण अठरा वर्षं लोक खिडकीशीच बोलतात.
नाव, वय, पत्ता, काय होतंय—
एवढ्यात मावेल तेवढा माणूस
केसपेपरवर उतरवायचा
आणि आत सोडायचा.

शेवंता ओव्हाळ आत गेल्या
पाच दारांनी.
सोमवारी साखर, बुधवारी डोळे,
गुरुवारी गुडघे, छातीच्या फोटोला ससून,
पाचवं दार दातांचं.
झोप लागत नाही, त्याचं कुठे दाखवायचं
हे त्यांनी मलाच विचारलं होतं.
मी म्हटलं, सुटे द्या.

पाच कागदांवर त्यांची वयं तीन.
साखरेचे डॉक्टर म्हणाले, रोज चाला.
गुडघ्यांचे म्हणाले, चढउतार बंद.
डोळ्यांचे म्हणाले, वाकून वजन उचलायचं नाही.
सगळे बरोबर होते.
सगळ्यांच्या सह्या आहेत.

मग एकदा त्या रांगेतच खाली बसल्या.
घामाने भिजलेल्या, ओठ पांढरे,
मला म्हणाल्या, नंबर धरा माझा.
आशाताई फरझाना धावली,
माझ्याच कपात चार चमचे साखर ढवळून
घोट घोट पाजत म्हणाली,
"ही तिसरी वेळ, लोणकर.
दर वेळी शुक्रवार."

हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

त्या दुपारी मी दाभणाने भोक पाडलं
आणि पाचही कागद एका लेसमध्ये ओवले.
अठरा वर्षांत एवढंच वैद्यकीय काम माझ्या हातून झालं.
डॉक्टर निगडे नव्या होत्या, सगळं सलग वाचत बसल्या.
मग म्हणाल्या, "या राहतात कुठे?"

जनता वसाहतीच्या पायऱ्या मी मोजल्या:
एकशे चौसष्ट.
शंभराव्या पायरीवर
माझे स्वतःचे गुडघे मला पहिल्यांदा भेटले.

शुक्रवार होता.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून शुक्रवारी
पेपरात येतं तसं, उशिरा आणि कमी दाबाने.
नळाची धार करंगळीएवढी.
सातला इंजेक्शन घेतलेल्या शेवंताबाई
साडेदहालाही उपाशी, दोन हंडे आणि निळा ड्रम घेऊन उभ्या.
शेजारीण म्हणाली,
"खायला गेलं की नंबर जातो, मॅडम."

निदान तिने केलं. लिहिलं डॉक्टरांनी:
इंजेक्शन पाणी भरून झाल्यावर, जेवायच्या आधी.
आणि नळावर ठराव झाला, हात वर न करता—
शेवंताचा हंडा उभा असला
की शेवंता उभी आहे असं धरायचं.

मग तिथेच पायरीवर पट्टा बांधून
फरझानाने रांगेचा रक्तदाब मोजला.
एकतीस बाया. नऊ जणींचा चढलेला,
त्यातल्या सातजणींना पत्ता नाही.
पाण्याचा दाब कमी, बायांचा जास्त,
असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या,
ती शेजारीण सोडून. तिचा एकशे नव्वद होता.

झोपेचंही तेव्हाच निघालं.
हडपसरला गेलेला मुलगा दोन वर्षं बोलत नाही.
त्यावर आमच्या खिडकीत गोळी नाही.
फरझाना आठवड्याला एकदा बसते त्यांच्यापाशी,
चहा उकळून खाली उतरेपर्यंत.

आता माझी एक वेगळी वही आहे.
आजारवार नाही, नळवार.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले,
"आजाराच्या रकान्यात नळ क्रमांक चार?"
मी म्हटलं, हो.
त्यांनी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं.
ते मी खोडलेलं नाही.

पायऱ्या एकशे चौसष्टच आहेत.
शेवंताबाईंचा डावा डोळा आम्हाला उशीर करून भेटला,
तो काही आता परत यायचा नाही.

खिडकीत मी एक प्रश्न जास्त विचारतो—
नाव, वय, पत्ता, काय होतंय,
पाणी कधी येतं?
लोक दचकतात.
काल एक आजोबा वाकून आत बघत म्हणाले,
"इलेक्शन लागलं काय हो?"