भाता

तिलादोची खालची पापणी
मी अंगठ्यानं हलकेच ओढते.
आत लाल असायला हवं.
आत शिळ्या पेजेचा रंग आहे.

एकोणीस महिन्यांची. अजून चालत नाही.
माती मात्र खाते, आईसारखीच.
आई पोगबिला मडकी घडवते.
मळलेल्या गोळ्यातली एक चिमूट
रोज तिच्याच जिभेवर जाते, चोरून.
"चव नाही हो, ओढ आहे," ती म्हणते.
ती ओढ कसली, मला ठाऊक आहे.

बाप नोआगा, यातेंगाकडचा लोहार.
लोहाराच्या लेकीच्या रक्तात लोह नाही
हे ऐकून तो हसला,
आणि मधेच हसायचा थांबला.
"अंगणात मोडक्या ट्रकचे पाटे पडलेत,
कुदळी, फाळ, सांडश्या.
पोर लोखंडातच रांगते, बाई.
हवं तरी किती तिला?"
खिळाभर, मी म्हणाले.
सगळ्या अंगात मिळून एक बारीक खिळा.
"मग द्या की."

पुड्या आहेत कपाटात. हात लांब केला की येतील.
पण हे पाण्याचे महिने.
पोगबिला जिथून माती काढते
तो खड्डा काठोकाठ भरलाय
आणि संध्याकाळी त्याच्यावर हवा गुणगुणते.

मी बोट टोचते. थेंब पट्टीवर.
पंधरा मिनिटं थांबायचं.

त्या पंधरा मिनिटांत दर वेळी
सिदबाला येऊन बसतो बाकावर.
त्या वर्षी मच्छरदाण्यांचा ट्रक आलाच नाही,
पट्ट्या संपलेल्या,
लोहाच्या औषधाची खोकी तेवढी वेळेवर पोचली.
मी वाटलं. वहीत खुणा केल्या.
त्याच्या आईला बजावलं, रोज एक चमचा, चुकवू नका.
तिनं एकही दिवस चुकवला नाही.
मग ताप. मग झटके. मग गाढवगाडी,
आणि अर्ध्या वाटेवरून परत वळलेली गाडी.
लोहानंच झालं, असं मी म्हणू शकत नाही.
नाही झालं, असंही.
चमचा धुऊन परत आणून दिला तिनं.

पट्टीवर दुसरी रेघ उमटते.

"आज नाही," मी म्हणते.
"हिच्या रक्तात हिवताप शिरलाय.
त्यालाही लोखंडच लागतं.
आता वाढलं तर आधी कोण जेवेल, सांगता येत नाही."

नोआगा गप्प. सदऱ्याला ठिणग्यांची भोकं,
त्यातल्या एका भोकात पोरीचं बोट.
मग म्हणाला,
"छपरानं पेट घेतला असेल
तर भाता मारत नाहीत.
आधी ती आग. लोखंड मग."

नऊ वर्षं हेच सांगतेय मी,
दोन भाषांत, चित्रं दाखवून.
इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं.

तीन दिवस हिवतापाचं औषध.
मच्छरदाणी माझ्याकडची; तिच्यासाठी
त्यानं चार आकडे घडवले,
बैल टांगला तरी तुटणार नाहीत असे.
पोगबिलालाही गोळ्या दिल्या.
तिनं स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.
ताप उतरला, पट्टी कोरी झाली,
आणि मग पुडी, सकाळच्या पेजेत, एकच.

चौथ्या दिवशी पोगबिला धावत दारात,
पानात काहीतरी गुंडाळून आणलेलं.
"काळी होतेय हिला! कोळशासारखी!
आतून जळली का पोर?"
मी तोंड उघडायच्या आत
मागून नोआगा वाकला, पान उलगडून पाहिलं,
धंद्यातल्या माणसानं पाहावं तसं.
"कीट आहे," म्हणाला.
"लोखंड गाळलं की कीट निघायचंच."
आम्ही तिघंही हसलो. तिलादोला राग आला.

महिन्यानं पुन्हा अंगठा, पुन्हा पापणी.
वहीत मी लिहिलं, फिकट.
खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं.
शब्द खोडला नाही,
त्याच्या आधी "जरा कमी" असं बारीक अक्षरात घातलं.