तीन एक नऊ

सिरिल टायसन, वय एक्याऐंशी.
बॅरोच्या गोदीत बत्तीस वर्षं जहाजांचे पत्रे ठोकले,
कानांचं जे व्हायचं ते झालं.
माझ्या आलेखावर त्यांची रेघ
हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालते,
मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली.
स गेला. फ गेला. थ गेला.
मुलीचं नाव जॅनिस.
ते जॅनी म्हणतात, तिला वाटतं लाडानं.

काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं.
पाचशेचा सूर मी बारीक करत नेला,
ते दाबत राहिले.
इतका बारीक, की मला वाटलं अंदाजानं दाबतायत.
म्हणून सूर सोडलाच नाही. दहा सेकंद. वीस.
बोट हललं नाही.
डोळे मिटून बसले होते,
फाट्यावर शेवटची एसटी
येईल किंवा न येईल, अशा बेतानं.

हे कुठं शिकलात, मी कागदावर लिहून विचारलं.
"उद्या साडेसाताच्या आत या.
सकाळी. मोजे जाड घाला."

अल्व्हरस्टनच्या वर, मेंढ्यांच्या कुरणाला टेकून
त्यांची शेड. जानेवारी, चिखल गोठलेला.
कुंपणाच्या खांबांवरून दूर काळोखात गेलेली
एक तार, एकशेऐंशी मीटर.
मेंढीनं खांबाला पाठ घासली
की कानात कडकड.
"ती दोन नंबरची," ते म्हणाले. "तिला खरूज आहे."

न्यूझीलंडात, गिझ्बर्नला, सूर्य आत्ताच बुडालाय.
आपला उगवायचाय.
थोडा वेळ दोन्हीकडे अंधार,
काय व्हायचं ते तेवढ्यात.

दुसरा हेडफोन मला दिला.
आत कुणीतरी रवा चाळतंय,
चाळतंय, चाळतंय, पीठ संपत नाही.
त्यांची पेन्सिल मात्र लिहू लागली,
एक अक्षर. मग बराच वेळ काही नाही. मग एक.
माझं पोट कानांवर चालतं,
भिंतीवर प्रमाणपत्र आहे,
आणि मी तिथे ठार बहिरी.

मिरजेच्या होस्टेलात रविवारी
मेसच्या बाईंना तांदूळ निवडून द्यायचे मी.
खडा शोधला की सापडत नाही.
नजर सैल सोडायची, कुठेच बघायचं नाही,
मग तो आपण होऊन वर येतो.
हे कानाला कधी लावलं नव्हतं.

सोडलं सैल.
रवा. रवा. मेंढी. रवा.
रव्यात एक गाठ.
लांब, लांब, आखूड, आखूड.
मी त्यांचा दंड धरला. त्यांनी
मान न वळवता पेन्सिलनं वहीवरच्या झेडवर टिचकी मारली:
तो मघाशीच येऊन गेला होता,
हा पुन्हा.

मग खाडीवर राखाडी उजेड आला
आणि कुणी दार ओढून घ्यावं तसं सगळं बंद.

वहीत वेळ, अक्षरं, आणि शेवटी 319.
तीन म्हणजे वाचता आलं, कष्टानं.
एक म्हणजे ताकद, जवळजवळ नाहीच.
नऊ म्हणजे सूर, अगदी निर्मळ.
"ताकद एक, आणि सूर नऊ?"
त्यांनी हेडफोन काढून ठेवले होते.
"हं?" म्हणाले.

दारात जॅनिस, चहाचे मग घेऊन:
सॉसेज तळू का?
"काय?"
सॉसेज, बाबा. सॉसेज.
"मोठ्यानं बोल, जॅनी."
बारा हजार मैलांवरचा माणूस आत्ताच
न ओरडता बोलून गेला होता.
मी दोघांच्या मध्ये उभी, मोजे ओले.

मंगळवारी एक शाळकरी मुलगा, फिन.
प्रतिसाद नसला की आलेखावर
खाली जाणारा बाण काढतात.
मी पूर्वी पटकन काढायचे, बाहेर रांग असते.
आता पेन टेकवते आणि थांबते.
नियमात नाही बसत.
हीटर गुरगुरतो.
काचेपलीकडे त्याचं बोट बटणावर,
नखाला निळी शाई लागलेली,
दाबत नाहीये,
उचलतही नाहीये.