कडू का लागतं

लातूरला औसा रोडवर, क्लास सुटलेल्या पोरांच्या गर्दीत
मुजाहिदभाईंचं दुकान. एसी नवा, म्हणून चॉकलेटं काचेत.
पूर्वाला उद्या नववं लागणार. वर्गात बत्तीस मुलं.
पाच रुपयेवाली बत्तीस, म्हणजे एकशेसाठ,
हिशोब मी घरूनच करून निघाले होते.

पण खालच्या फळीवर, धूळ पुसून उचलावी लागेल अशा जागी
एक काळपट वडी. दोनशे पंच्याहत्तर.
पाठीमागं मुंगीएवढ्या अक्षरांत:
कोको पिकवणाऱ्याला रास्त भाव दिलेला आहे.
या मालासाठी लहान मुलांना राबवलेलं नाही.

गिऱ्हाइकांच्या वाटेतच उभी राहून तीनदा वाचलं.
नर्स आहे मी. बारीक अक्षर वाचल्याशिवाय
काही कुणाच्या तोंडात घालत नाही.

"सहा महिन्यांत दोन गेल्या," मुजाहिदभाई म्हणाले,
"एक डॉक्टरीणबाईंनी नेली. एक विरघळली."

कोको मी हातात धरलेला नाही.
मोबाईलवर पाहिला होता, एका रात्रपाळीत:
पपईएवढं फळ, खोडालाच लटकलेलं,
आणि ते फोडणारा एक पोरगा, पूर्वाएवढा.
देश कुठला, ते विसरले.
हातातलं मात्र लगेच ओळखलं.
मूठ जरा वेगळी.
पातं तेच.

आमच्याकडं कोयता हे माणसं मोजायचं माप आहे.
नवरा-बायको मिळून एक कोयता.
एकटा गडी, अर्धा.
मुकादम उचल देताना वहीत तसंच लिहायचा.
मला कशात धरायचं, ते त्या वहीत नव्हतं.
मी वाढं गोळा केलं, मोळ्या बांधल्या,
कोपीपुढं भावाची झोळी हलवली,
आणि दसऱ्याला मिटलेलं पुस्तक पाडव्याला उघडलं
तर वर्ग कुठल्या कुठं गेलेला.
डाव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे.
पेशंट विचारतात. मी म्हणते, सुरी लागली.

वडी उलटी केली.
घटक: कोको, कोको बटर, साखर.
"भाई, हे सगळं कोकोचं लिहिलंय. साखर कुणाची?"
ते हसले. "साखरेचं कोण विचारतंय ताई?
साखर काय, आपलीच असंल."

ठेवून दिली. दारापर्यंत गेले.
बाहेर रसवंतीवाला तोच ऊस
चौथ्यांदा दुमडून चरकात घालत होता.
परत फिरले.

एका वडीत चोवीस तुकडे, म्हणजे दोन लागणार.
साडेपाचशे, आणि तारीख सव्वीस.
पगारापर्यंत रिक्षा बंद, दवाखान्यात पायी.
पिशवी हातात आली तेव्हा बरं वाटलं मला,
आणि त्या बरं वाटण्याचीच
गांधी चौकापर्यंत लाज वाटत राहिली.

घरी आईनं एक तुकडा घेतला,
दात उरलेत त्या बाजूला सरकवला.
"कडू हाय गं."
"रास्त भावाचं आहे, आई. ह्याच्यात लेकरं कामाला लावत नाहीत."
ती चांदीचा कागद मांडीवर घेऊन
अंगठ्यानं सपाट करत बसली.
"लिव्हलंय तसं?"
"लिहिलंय."
"कुनी जाऊन बघितलंय?"
"बघतात म्हणे."
"म्हणे," आई म्हणाली,
आणि दुसरा तुकडा मागितला.

पूर्वा शाळेतून आली ती डबा आपटतच.
अर्ध्या वर्गानं थुंकलं म्हणे.
स्वरूपनं तर विचारलं, हे चॉकलेट आहे का औषध?
"मग तू काय सांगितलंस?"
"सांगितलं की ह्यात कुणाचं लेकरू नाही,
म्हणून कडू लागतं."

मी तिची वेणी सोडत होते.
हात थोडा वेळ केसांतच राहिला.
साखरेचं तिला
अजून सांगितलेलं नाही.